दुसऱ्या मजल्यावरचे व्हीआयपी

धंतोलीतल्या त्या हॉस्पिटलात दर मजल्यावर एक देखणी पाटी होती. पाटीवर एक हसरं कुटुंब, कुटुंबाच्या हातात मोबाइल आणि खाली ठळक अक्षरांत 'आपल्या सोयीसाठी मोफत वाय-फाय'. पाटी खोटी होती असं कोणी म्हणू नये. वाय-फाय मोफतच होतं. फक्त ते लागत नव्हतं, आणि न लागणाऱ्या गोष्टीचे पैसे मागायची सोय अजून निघालेली नाही.

पाटी लावून घेतली होती प्रशासन अधिकारी मनोहररावांनी. वाय-फाय का लागत नाही, याबद्दल लोकांची बोलणी खायचं काम होतं कामिनी धकातेकडे.

कामिनी उमरेडची. घरी हातमाग. वडील मागावर बसायचे, आई कांड्या भरायची, आणि पोरीनं यातलं काहीच करू नये यावर दोघांचं एकमत होतं. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाल्यावर तिनं चार वर्षं एका ठेकेदाराकडे नेटवर्कच्या केबली ओढल्या. शिडीवर उभी राहून छतात डोकं घातलेली बाई दिसली की खालची माणसं आपली कामं टाकून तिला सल्ला द्यायला जमत. त्या सल्ल्यांमधून जिवंत राहून ती या हॉस्पिटलात लागली. पदाचं नाव 'संगणक सहायक'. सहायक कोणाची, हे सहा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्या विभागात तिच्याशिवाय दुसरं माणूसच नव्हतं. रोज सकाळी ती बेसाहून स्कूटरनं यायची आणि जिन्याखालच्या खोलीत बसायची. ऑक्सिजनचे रिकामे सिलिंडर दुसरीकडे हलवल्यावर ती खोली तिला मिळाली होती.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी ती जिना चढत होती. अर्ध्यावर एक साठीची बाई भेटली. नऊवारीचा पदर डोक्यावर, हातात मोबाइल असा धरलेला की जणू दिव्याची वात विझेल. पंधरा मिनिटांनी कामिनी खाली आली तेव्हा तीच बाई वर चढत होती. पुन्हा वर जाताना तीच बाई खाली. चेहरा घामानं डबडबलेला.

"मावशी, काही हरवलं का?" कामिनीनं विचारलं.

"हरवलं नाई वं. नंबर आणून राहिली."

"कसला नंबर?"

"तो वायफायचा. वर मोबाइलले रेंजच नाई. खाली चहाच्या टपरीपाशी गेलं का मॅसेज येते. आन् वर येतपावतर तो नंबर मरते. पाच डाव झाले. या डावाले तरी जिता येईन म्हटलं."

बाईंचं नाव मैनाबाई. नवरा बाबनराव, भिवापूरकडचे शेतकरी, हृदयाचं ऑपरेशन होऊन दुसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभागात होते. एकुलती एक मुलगी हर्षा खापरखेड्याला, वीज केंद्राच्या वसाहतीत. तिला आठवा महिना. डॉक्टरांनी पलंगावरून उठायची मनाई केलेली. बापाला एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती जेवायला तयार नव्हती. सिस्टरनं भेटीच्या वेळेत पाच मिनिटं व्हिडिओ कॉलची परवानगी दिली होती. बाकी सगळी सोय पाटीवर होतीच.

कामिनीनं आपला मोबाइल काढला आणि पाहुण्यांच्या नेटवर्कला जोडला. पान उघडलं: आपला मोबाइल नंबर टाका, संदेशानं आलेला आकडा भरा. संदेश आला नाही. तो आकडा नव्वद सेकंदच चालायचा. ती मोबाइल घेऊन टपरीपर्यंत गेली, घड्याळ लावलं, आकडा येताच पळत सुटली. दुसऱ्या मजल्यावर नातेवाइकांच्या बाकापाशी पोचायला एक मिनिट पन्नास सेकंद. कामिनीचं वय चौतीस होतं आणि तिचे गुडघे शाबूत होते. म्हणजे या सोयीचा लाभ घ्यायला धावपटू नातेवाईक असलेला पेशंट हवा होता.

तिनं मग मैनाबाईंचा मोबाइल घेतला, वॉर्डबॉयला लिफ्टचं दार धरून उभं केलं आणि शर्यत लावली. एकोणऐंशी सेकंद! 'आपले स्वागत आहे' असं पान उमटलं. मैनाबाईंनी हात जोडले. हर्षाला कॉल लावला, घंटा गेली, हर्षाचा चेहरा क्षणभर दिसला आणि तसाच अर्ध्या तोंडानं थिजला. 'जोडत आहे', मोबाइल म्हणाला आणि म्हणतच राहिला. पाच मिनिटं संपली. सिस्टरनं पडदा ओढला.

"माह्या नशिबातच नाई," मैनाबाई म्हणाल्या.

नशिबाचं काही माहीत नाही, पण कॉल कुठे अडला हे कामिनीला जिन्याखालच्या खोलीतून दिसत होतं. हॉस्पिटलच्या नेटवर्कच्या दारात फायरवॉल होती. काय आत-बाहेर जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं, याचे नियम त्यात एकाखाली एक लिहिलेले. नियम चौदा: 'मनोरंजन. बंद.' त्या एका शब्दात सिनेमे आले, क्रिकेट आलं आणि हर्षाचा चेहराही आला. एका दिवसात या नियमानं चार हजारांवर वेळा कोणाचं ना कोणाचं मनोरंजन थांबवलं होतं. कामिनीला हे सगळं बघायची परवानगी होती, हात लावायची नव्हती. किल्ली बाहेरच्या कंपनीकडे, आणि कंपनी हलायची फक्त मनोहररावांच्या ईमेलनं.

ती मनोहररावांकडे गेली. त्यांच्या खोलीत एसी असा चालायचा की मे महिन्यातही ते हाफ स्वेटर घालत. कोणतीही गोष्ट बंद केली की ती सुरक्षित होते, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो आजवर खोटा ठरला नव्हता, कारण बंद गोष्टीबद्दल कोणी तक्रार करायला आलं की त्यांच्या खोलीचं दारही बंद असायचं. आज चुकून उघडं राहिलं होतं.

"नव्वद सेकंद मीच ठेवायला सांगितले," ते म्हणाले. "सुरक्षितता."

"सर, त्या मजल्यावर संदेशच येत नाही."

"मग बाहेर जाऊन घ्यावा."

"वर येईपर्यंत मुदत संपते."

"मग लवकर यावं."

"बरं, आत आल्यावरही कॉल होत नाही सर. चौदा नंबरचा नियम अडवतो."

मनोहररावांचा चेहरा उजळला. "अडवतो ना? म्हणजे यंत्रणा नीट चालू आहे. मॅडम, मागे एक वॉर्डबॉय मॅच बघत होता. मी स्वतः पकडला."

"पण सर, त्या बाईची मुलगी आठ महिन्यांची गरोदर आहे. तिला वडिलांना बघायचंय."

"तिनं बाहेरून कॉल करावा. बाहेर रेंज आहे."

"वडील अतिदक्षतेत आहेत सर. त्यांना टपरीवर न्यायचं का?"

मनोहररावांनी यावर खरोखर विचार केला, असं निदान दिसलं तरी. मग म्हणाले, "बदल विनंतीचा फॉर्म भरा. तीन सह्या लागतील. समिती पुढच्या महिन्यात बसते."

कामिनी जिन्याखालच्या खोलीत परतली. पहिल्यांदा वाटलं, राजीनामा लिहावा. मग वाटलं, त्यालाही तीन सह्या लागतील. मग तिनं फायरवॉलचे नियम पहिल्यापासून वाचायला घेतले, आणि तिसऱ्याच नियमावर थांबली.

'व्हीआयपी पाहुणे. सर्व खुले.'

हा नियम विश्वस्त आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी होता. त्यांना मोबाइल नंबर नको, संदेश नको. एक छापील चिठ्ठी, चिठ्ठीवर आठ अक्षरांचा संकेत, तो टाकला की दार उघडं. कॉलही चालत. चिठ्ठ्या छापायचं यंत्र कामिनीच्याच टेबलावर होतं. तिनं फाइल काढली. दोन वर्षांपूर्वीचं परिपत्रक, खाली मनोहररावांची लांबलचक सही: 'महत्त्वाच्या व्यक्तींना संगणक विभागाने आपल्या स्तरावर चिठ्ठी द्यावी.'

तिनं ते दोनदा वाचलं. महत्त्वाची व्यक्ती म्हणजे कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग तिनं एक चिठ्ठी स्वतःसाठी छापली आणि तासभर खटपट करून पाहिलं: या नेटवर्कवरून पेशंटच्या नोंदींपर्यंत पोचता येतं का? नाही. तपासण्यांच्या यंत्रांपर्यंत? नाही. साधा प्रिंटरसुद्धा दिसत नव्हता. तिथलं कुलूप पक्कं होतं. मग तिनं दुसरी चिठ्ठी छापली, त्यावर नाव लिहिलं 'मैनाबाई' आणि हुद्द्याच्या रकान्यात लिहिलं 'पत्नी'.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी कॉल लागला. मैनाबाईंनी सवयीनं मोबाइल कानाला लावला.

"आई, तुया कानच दिसून राहिला मले! बाबाले दाखव!" हर्षा ओरडली.

कामिनीनं मोबाइल हळूच बाबनरावांसमोर धरला. नाकात नळी, छातीवर पट्ट्या. त्यांनी मुलीकडे बराच वेळ पाहिलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "काहून एवढी सुकली वं?"

पलीकडे हर्षा रडायला लागली, इकडे मैनाबाई. बाबनराव दोघींवर चिडले. यंत्रावरचे ठोके वाढलेले बघून सिस्टर धावत आली. पण त्या दिवशी दुपारी खापरखेड्याला हर्षा दोन पोळ्या जेवली.

मजल्यावर बातमी पसरायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. शुक्रवारपर्यंत हॉस्पिटलात सदतीस अतिमहत्त्वाच्या व्यक्ती झाल्या होत्या. त्यांत वणीची एक अंगणवाडी सेविका होती, पुसदचा एक टेलर होता, आणि काटोलचे एक आजोबा होते, ज्यांना आपण व्हीआयपी आहोत हे कळल्यापासून ते बाकावर पाय खाली सोडून, ताठ बसत होते.

शनिवारी नोटीस आली. 'अपात्र व्यक्तींना विशेष सुविधा दिल्याबद्दल खुलासा करावा.' कामिनीनं रात्र उलटू दिली नाही, तिथल्या तिथे खुलासा लिहिला. परिपत्रकाची प्रत जोडली आणि एकच विनंती केली: सदतीसपैकी कोण कोण महत्त्वाचं नाही, ते प्रशासनानं नावानिशी कळवावं, म्हणजे त्या त्या नातेवाइकाला तसं लेखी कळवता येईल.

हा कागद वैद्यकीय संचालक डॉ. सत्यवती यांच्या टेबलावर गेला. त्या भूलतज्ज्ञ होत्या. आयुष्यभर लोकांना झोपवल्यामुळे त्यांना स्वतःला कोणी झोपवू शकत नसे. त्यांनी कामिनी आणि मनोहरराव, दोघांना बोलावलं, पण खोलीत बसवलं नाही. सरळ दुसऱ्या मजल्यावर, नातेवाइकांच्या बाकापाशी नेलं.

"मला लॉगिन करून दाखवा," त्यांनी आपला मोबाइल मनोहररावांच्या हातात दिला. "चिठ्ठीशिवाय. पाटीवर लिहिलंय तसं."

मनोहररावांनी नंबर टाकला. सगळे वाट बघत राहिले. "जरा खिडकीजवळ जाऊ या मॅडम," ते म्हणाले. खिडकीजवळही काही नाही. मग "मी आलोच" म्हणून ते जिना उतरले. वर आले तेव्हा श्वास लागलेला, आकडा गतप्राण. दुसऱ्या खेपेला लिफ्ट धरली. ती स्ट्रेचरसाठी तळमजल्यावर अडली. तिसऱ्या खेपेला हाफ स्वेटर काढून हातात घेतला होता. बाकावरचे लोक उठून उभे राहिले. काटोलच्या आजोबांनी ओरडून धीर दिला, "दम धरा गा साहेब, थोडंच राहिलं!"

"मुदत संपली," मोबाइलनं जाहीर केलं.

मैनाबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. मनोहरराव अर्धी पिऊन मोकळे झाले.

"सर, बसा," डॉ. सत्यवती म्हणाल्या. "तुमचा ईसीजी काढू का?"

समिती पुढच्या महिन्यात बसायची होती, ती उभ्या उभ्याच आटोपली. त्याच दुपारी ईमेल गेला. नियम चौदामधून कॉल वगळले, सिनेमे राहू दिले. चिठ्ठ्या दर मजल्यावर सिस्टरच्या टेबलावर मिळू लागल्या. आठवड्यानं सूचनाफलकावर मजकूर लागला: 'रुग्णस्नेही चिठ्ठी योजना. संकल्पना: प्रशासन विभाग.' कामिनीची नोटीस मागे घेतली का, असं तिनं विचारलं, तेव्हा कळलं की नोटीस मागे घेण्याची तरतूदच नाही. ती फक्त फाइलीत राहते आणि तिच्यावर कारवाई होत नाही. कामिनीनं खांदे उडवले. पण घरी जाताना स्कूटरवर ती एकटीच मोठ्यानं हसली, आणि सिग्नलवरच्या माणसानं वळून पाहिलं.

बाबनरावांना सुट्टी मिळाली त्या दिवशी गेटपाशी गाडी उभी होती. मैनाबाईंनी कामिनीला ओढतच नेलं.

"हीच ते पोरगी," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

बाबनरावांनी तिला खालून वर न्याहाळलं. "तूच का वं ते? बरं झालं भेटली. आमच्या गावात टावर नाई. तीन वर्षं झाले, खड्डा खंदून ठेवला हाये. तेवढं करून दे."

"काका, ते माझ्या हातात नाही."

"मंग कोनाच्या हातात हाये?"

कामिनीला खरंच माहीत नव्हतं. तेवढ्यात मैनाबाई खेकसल्या, "छातीले टाके हायेत तुमच्या, लोकायच्या कामात नाक खुपसू नका!" आणि त्यांनी नवऱ्याला गाडीत बसवून दार लावून घेतलं. काचेमागे बाबनराव तरीही काहीतरी बोलत होते. हाताच्या खुणेवरून खड्ड्याची खोली सांगत असावेत.