पेटीवाले चाचा आणि तुंब्यातल्या साळुंक्या

पेटीवाल्या चाचांचा धंदाच ठोकाठोकीचा. पत्र्याच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, पाण्याचे बंब. वडशाच्या आमच्या गल्लीत दिवसभर त्यांच्या हातोड्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नसे. पण उन्हाळ्यात, सकाळी, बाहेर एक पाखरू गात असे आणि त्याचं गाणं संपेपर्यंत चाचा हातोड्याला हात लावत नसत. एकदा लग्नसराईत नवरीकडचा एक माणूस पेटीसाठी दारात येऊन उभा राहिला. कडी बसवायची तेवढी राहिली होती. तो घाई करू लागला तेव्हा चाचा म्हणाले, "थांब ना भाऊ. त्याचं होऊ दे पहिले." त्या माणसाला वाटलं, आत कोणी नमाज पढतंय. तो मुकाट्याने पायरीवर बसला.

मी तेव्हा तहसिलीत नुकतीच कारकून म्हणून लागले होते आणि चाचांच्या दुकानामागची खोली भाड्याने घेतली होती. माझं गाव आरमोरीकडचं, वडील तळ्यावर मासे धरणारे. खोली बघायला गेले तेव्हा मी संकोचाने विचारलं, "मी घरी मासे आणते, चालेल ना?" चाचा हसले. "अव पोरी, आणत जा. चाचीले बी देत जा थोडे. काटे काढून."

काटे काढून, कारण चाचींना लकवा झाला होता. उजवं अंग गेलं, डावा हातही नुसता पडून राहिला आणि वाचाही गेली. त्याआधी पेट्यांवरची फुलं त्याच रंगवायच्या. लाल गुलाब, हिरवी पानं, झाकणावर समोरासमोर दोन मोर. आता त्या खिडकीजवळच्या खाटेवर पडून असत. चाचा त्यांना उठवून बसवत, तोंड पुसत, केस विंचरत आणि सगळा वेळ बोलत राहात. "आज वरण पातळ झालं. काल तूच म्हणली, घट्ट आहे. म्हणली ना?" चाची काहीच म्हणालेल्या नसत. पण चाचा दोघांचंही बोलून घेत. भांडणसुद्धा एकटेच करत आणि एकटेच मिटवत.

ते गाणारं पाखरू म्हणजे दयाळ. काळं-पांढरं, शेपटी ताठ उभी ठेवणारं. चाचा त्याला दहियल म्हणत. खिडकीसमोरच्या कडुलिंबाच्या ढोलीत त्याचं घरटं असे. ते गाऊ लागलं की चाचींच्या डाव्या हाताची बोटं गोधडीवर हळूहळू हलत. चाचांनी ते पहिल्यांदा पाहिलं आणि मला हात धरून आत नेलं. "पाहा, पाहा. इतक्या दवाया झाल्या, हात काही हालत नव्हता. अन आता पाहा."

त्या हिवाळ्यात नालीच्या कामासाठी कडुलिंब तोडला गेला. चाचा तोडणाऱ्यांशी भांडले नाहीत, नुसते दारात उभे राहिले. मग एटापल्लीच्या बाजारात पेट्या विकायला गेले, तिथून एका माडिया म्हातारीकडून वाळलेला मोठा भोपळा घेऊन आले. तिकडे रानात पाणी न्यायला वापरतात तो तुंबा. त्याच्या पोटाला त्यांनी गोल भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि खिडकीबाहेरच्या खांबाला तो बांधला. मी म्हटलं, "चाचा, तुम्ही पेट्या करता, पाखरासाठी छोटी पेटी नाही का करायची?" ते म्हणाले, "टिनाची केली तं पिल्ले भाजून मरतीन. तुंबा थंडा राह्यते."

उन्हाळ्याच्या तोंडाशी दहियलची जोडी आली. काड्या आत जाऊ लागल्या. चाचांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं, जणू घरात पाळणा हलणार होता. आणि मग साळुंक्या आल्या.

साळुंक्या काही परदेशातून आलेल्या नव्हत्या. पण चाचा सांगत, त्यांच्या लहानपणी गावात त्या अशा नव्हत्या. राईस मिलांचा सांडलेला तांदूळ, बाजारचा कचरा, स्लॅबच्या घरांतल्या फटी, यांवर त्या वाढल्या आणि सगळी भोकं त्यांनी घेतली. एका दुपारी दोघींनी मिळून दहियलला तुंब्यातून ओढून काढलं. नंतर निळसर अंडी एकेक करून बाहेर पडली. चाची खिडकीतून बघत होत्या. त्यांच्या घशातून जो आवाज निघाला, तो ऐकून मी चुलीवरचं तसंच टाकून धावले. चाचा खाली बसून फुटलेली अंडी पत्र्याच्या तुकड्याने गोळा करत होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सापळा केला. तुंब्याच्या आत, भोकाच्या वर, पत्र्याची चकती तारेवर लोंबती ठेवली आणि खाली बांबूच्या बारीक कमचीचा टेकू दिला. पाखरू आत शिरलं की टेकू पडायचा, चकती खाली येऊन भोक बंद व्हायचं, खट्. पहिली साळुंकी सापडली तेव्हा चाचांनी तिच्या शेपटीला पेटीचा हिरवा रंग लावला आणि पिशवीत घालून सायकलने वैनगंगेच्या पुलापलीकडे, ब्रह्मपुरीच्या रस्त्याला सोडून आले. दोन दिवसांत हिरवी शेपटी पुन्हा खांबावर. चाचांनी मला बाहेर बोलावून ती दाखवली. "आता काय करू, पोरी?" उत्तरही त्यांनीच दिलं. "आता इलाज नाई."

त्यानंतर ते सापडलेल्या साळुंक्या मारू लागले. दुकानामागे, माझ्या खिडकीखाली. पाठ फिरवून उभे राहात, खांदे एकदा हलत, बस्स. मग खड्डा करून पुरत आणि हात धूत बसत. साबण लावायचे, धुवायचे, पुन्हा लावायचे. एकदा माझी चाहूल लागली तसे न वळताच म्हणाले, "खायाचं नाई अन मारायचं, हा गुनाह आहे. मले मालूम आहे. पण तिचा हात हालते ना त्याच्या आवाजानं. मी काय करू?"

एक जोडी गेली की दुसरी यायची. दहियल शेजारच्या गच्चीवरून गायचा, पण तुंब्याकडे फिरकत नव्हता. चाचा म्हणत, "येईन. जागा खाली झाली का तो येईन." आत खाटेवर, चकती पडल्याचा खट् आवाज आला की चाची डोळे मिटून घेत. आयुष्य पत्र्यात काढलेली बाई, तिला त्या आवाजाचा अर्थ कळत होता. चाचांना वाटायचं, तिला समाधान वाटतं. ते तिच्या कानाशी वाकून सांगत, "गेली एक. तू म्हणली होती ना, काढा तिले."

मग एक मादी मेली आणि तिचा नर गेला नाही. तो समोरच्या तारेवर बसून ओरडू लागला. सकाळी ओरडत होता, भर उन्हात चोच उघडी टाकून ओरडत होता, संध्याकाळीही तिथेच होता. चाचींनी त्या दिवशी तोंड उघडलं नाही. मी मऊ भात घेऊन बसले, त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. चाचा घाबरले, डॉक्टरांना आणायला निघाले. तेवढ्यात चाचींनी डावा हात उचलला. कष्टाने खिडकीकडे, त्या तारेकडे दाखवला. मग दोन बोटं जुळवून धरली आणि त्यातलं एक हळूच मुडपलं. उरलेलं एक बोट त्यांनी चाचांसमोर तसंच धरून ठेवलं.

चाचा दारातच बसले. मग म्हणाले, "हे तुले नको होतं?" चाचींनी डोळे मिटले आणि उघडले. "पहिलेपासून?" पुन्हा तसंच.

त्यांनी बाहेर जाऊन तुंब्यातून चकती उपटून काढली. हाताला कापलं, रक्त आलं, तिकडे लक्षही दिलं नाही. परत येऊन माझ्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "तिले बोलता येत नव्हतं. मले तं इचारता येत होतं ना. मीच बोलत राह्यलो दोघायचं."

त्या संध्याकाळी चाचींनी दोन घास खाल्ले. पण त्यातून काही चांगलं निघालं असं मी म्हणणार नाही. नराला थोड्याच दिवसांत दुसरी जोडीदारीण मिळाली आणि त्यांनी तुंब्यात पिल्लं काढली. दहियलचं गाणं आधी लांब गेलं, मग बंदच झालं. चाचींचा हात पुन्हा निपचित पडला. चाचा रोज खाटेशी बसत, एक प्रश्न विचारत आणि गप्प बसून वाट बघत. पाणी? कूस? उजेड? कधी उत्तर येई, बहुतेक वेळा येत नसे. पावसाळ्यात भामरागडचे रस्ते बंद झाल्याच्या बातम्या येत होत्या, त्या दिवसांत चाची गेल्या. दफन करून आले तेव्हा चाचांच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल होता. तो त्यांनी कितीतरी दिवस धुतला नाही.

दिवाळीनंतर, जवळच्या नाटक कंपन्यांचे लोक पेट्यांसाठी चकरा मारत असताना, त्यांनी दुकान बंद केलं आणि मुलीकडे चंद्रपूरला गेले. मी स्टेशनवर गेले होते. "परत येसान ना चाचा?" असं विचारलं, तर म्हणाले, "आता पोरगी ठेवीन तसं राहीन." गाडी हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही.

चाचा वारल्याचं मला उशिरा कळलं. त्याआधी त्यांच्या मुलीचा एकदा फोन आला होता. ती वैतागलेली होती, थोडी दुखावलेलीही. म्हणाली, "बाई, अब्बा असे नव्हते. आता पंखा लावायचा तरी सगळ्यायले इचारतेत. लावू का? खिडकी उघडू का? माझ्या पोरांले इचारतेत, इथी बसू का? सोताच्या पोरीच्या घरी कोणी असं राह्यते का? त्यायले हे घर परकं वाटते का?"

मी तिला कारण सांगितलं नाही. सांगायचं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं.

"परकं नाई वाटत," मी म्हणाले. "ते इचारतीन तेव्हा जबाब देत जा. हो, नाई तं नाई, काही बी. पण देत जा."