पत्र्यावरून गेलेला एकच पाइप

धुळ्याला पॉलिटेक्निकला असताना मी आणि माझा मित्र एकाच खोलीत राहायचो. पुढे जळगावला आम्ही इलेक्ट्रिकल कंत्राटं एकत्र घ्यायला लागलो. गिऱ्हाइकाशी बोलणं त्याचं, गणित आणि ड्रॉइंग माझं. लायसन माझ्या नावावर, म्हणून शेवटची सहीही माझी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना मला दगा दिला गेला असं वाटेल. तो दिला गेलाच. पण सही माझी होती.

जामनेर रस्त्याला एका शेठजींनी केळी पिकवायच्या सहा थंड खोल्या बांधल्या. प्रत्येक खोलीला एक कॉम्प्रेसर आणि प्रत्येक कॉम्प्रेसरला पॅनलपासून स्वतंत्र वायरी. मशीन दिवसभर सतरा अँपिअर खेचणार. चार स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर पाइपात एकटी असेल तर पंचवीस अँपिअरपर्यंत सहज वाहते. पण वायरी शेजारी शेजारी कोंबल्या की एकमेकींची उष्णता बाहेर पडू देत नाहीत. एका पाइपात दोन सर्किटं घातली तर पंचवीसचे वीस धरायचे. सहा घातली तर जेमतेम चौदा. त्यात पाइप उन्हात असेल तर आणखी खाली. म्हणून मी तीन पाइप काढले होते, प्रत्येकात दोन सर्किटं, समोरच्या व्हरांड्याच्या सावलीतल्या भिंतीवरून.

शेठजींना व्हरांड्याच्या भिंतीवर पाइप नको होते. व्यापारी तिथे बसणार, शोभा जाते म्हणाले. मित्राने मला न विचारता तिथल्या तिथे मार्ग काढला. एकच मोठा पाइप, पत्र्याच्या छपरावरून, सहाही सर्किटं त्यात.

वायरी ओढणारे नाना पारोळ्याकडचे. साठीला आलेले, माझ्यापेक्षा जास्त काम पाहिलेले वायरमन. कागदावरचं गणित त्यांना येत नव्हतं, पण पाइपाला उलटा हात लावून आत किती गर्दी झालीय ते सांगायचे. त्यांनी मला फोन केला. मी तेव्हा धुळ्याला मुलीच्या कॉलेजप्रवेशाच्या रांगेत होतो.

"भाऊ, बठ्ठ्या वायरी एकच पाइपम्हा घालू का? तुमना दोस्त म्हनस तुमीच सांगं. पत्रावर ऊन भलतं शे."

मी काहीच सांगितलं नव्हतं. तिथेच थांबवायला हवं होतं. पण खिडकीवर आमचा नंबर लागत होता, आणि मित्र म्हणतोय म्हणजे काहीतरी विचार केला असेल असं मला वाटलं.

"तो सांगतो तसं करा नाना," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

जानेवारीत चाचणीला गेलो तेव्हा तो पाइप मी डोळ्यांनी पाहिला. मित्र खाली उभा राहून हसत होता.

"तोंड का पाडतो भो? आत सोळा डिग्री आहे. थंड खोलीची वायर तापेल कशी?"

ही चूक आमच्याकडे पुष्कळांची होते. खोली थंड, म्हणून तिचं सगळंच थंड. प्रत्यक्षात वायर खोलीत हातभरच असते, बाकी सगळी जळगावच्या उन्हात पडलेली. हे मला ठाऊक होतं. तरी वायरींचं इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगरचं रीडिंग चांगलं आलं, थंडीत पाइपही गार लागला, उद्घाटनाची तारीख ठरलेली होती. मी सही केली.

मे महिन्यात एका दुपारी वायरींचं प्लास्टिक आतल्या आत मऊ होऊन एकमेकांना चिकटलं. त्याआधी पॅनलमधला एकही स्विच आपोआप पडला नाही, कारण प्रत्येक वायरीतला करंट स्विचच्या दृष्टीने योग्यच होता. शॉर्ट झालं, सहाही खोल्या बंद पडल्या, आतली केळी गेली. माणसाला इजा झाली नाही एवढंच.

शेठजींनी मला, मित्राला आणि नानांना बोलावलं. मी मनाशी ठरवून गेलो होतो की पाइप पाहिला होता हे सांगायचं. पण माझ्या आधी मित्राने माझं ड्रॉइंग टेबलावर पसरलं.

"हे बघा, तीन पाइप आहेत. आमचं डिझाइन बरोबर होतं. नानांनी आपली सोय बघून एकात ओढलं."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. "हे ड्रॉइंग तुमचंच?"

"हो," मी म्हणालो.

तेवढंच म्हणालो. ते खोटं नव्हतं, आणि त्याच्याइतकं मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही. नाना दाराशी उभे होते. त्यांनी मित्राकडे पाहिलंच नाही. त्याच्याकडून त्यांची काही अपेक्षा नसावी. ते माझ्याकडे बघत राहिले, मी आणखी काही बोलेन म्हणून. मग चपला घालून निघून गेले.

बाहेर आल्यावर मी मित्रावर चिडलो.

"माझ्या नावाने नानांना खोटं सांगितलंस, आणि आता सगळं त्यांच्यावर ढकललंस."

"सही कोणाची होती? लायसन कोणाचं जाणार होतं? तुला वाचवलं मी. आभार नको मानू, निदान ओरडू तरी नको."

त्याने मला खरंच वाचवलं होतं, हेच मला सहन होत नव्हतं. त्या महिन्यात आम्ही वेगळे झालो.

नानांना काम मिळायचं ते जळगाव-धुळ्याच्या कंत्राटदारांकडून. पावसाळा सरेपर्यंत त्यांना कोणी बोलावलं नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात कोणीतरी म्हणालं, "तो पाइप जाळणारा म्हातारा ना?" तेव्हा मी शेठजींकडे जाऊन खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता नवीन माणसाने काम करून दिलंय, जाऊ द्या. मग मी सगळी हकिकत लिहून, खाली सही करून नानांच्या घरी गेलो.

त्यांनी कागद हातात घेतला, वाचला नाही.

"मी तुमले इचारं व्हतं ना, भाऊ?"

"हो नाना. विचारलं होतं."

"मंग हाऊ कागद मी कोनकोनले दखाडू? गळाम्हा बांधीसन फिरू का? तुमी जाईसन सांगा."

त्यांनी चहा विचारला नाही. खानदेशात कोणाच्या दारातून मी असा कधी परतलो नव्हतो.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी एकेका कंत्राटदाराकडे जातो. पाइप मी पाहिला होता, नानांनी आधी विचारलं होतं, असं तोंडाने सांगतो. काही जण विषय बदलतात. मेहरूणच्या एकाने तर माझंच पुढचं काम काढून घेतलं, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

गेल्या रविवारी नरडाण्याच्या कंत्राटदाराने सगळं ऐकलं आणि माझ्यासमोरच नानांना फोन लावला. एका कारखान्याचं काम आहे, सोमवारी या म्हणाला. पलीकडून नानांनी काहीतरी विचारलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि खिडकीकडे वळून म्हणाला, "नाही नाना, त्यांचा या कामाशी काही संबंध नाही."