चपलांची हजेरी

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी किलवणी नाक्यावर भाजीवालीशी वांग्यांवरून भांडत होतो. भरिताची म्हणून ती मला बारकी, जांभळी, काटेरी वांगी देत होती आणि खान्देशातल्या माणसाला वांगं शिकवू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. फोन बायकोचा, मंगलचा. "नाना गेले," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं हो. कारण नाना शेजारच्या टपरीवर गेले तरी सांगून जायचे... साक्रीला भाच्याच्या हळदीत दोन गाणी दणकून नाचले, घाम पुसला, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत खुर्चीतच मान टाकली. हे सगळं तिनंच फोनवर सांगितलं. मला मात्र आधी रडू नाही आलं, रागच आला. ज्या माणसानं इतकी वर्षं आम्हाला मोजल्याशिवाय हलू दिलं नाही, तो असा न सांगता निघून जातो म्हणजे काय? भाजीवालीनं माझं तोंड बघितलं आणि मुकाट्यानं चांगली वांगी पिशवीत भरली.

त्याला आता दीड महिना झाला. नाना बोरसे आमच्या सिल्वासातल्या सूत कारखान्यात फिटर होते. मी तिथेच शिफ्ट सुपरवायझर, मंगल पॅकिंगला. आम्ही अमळनेरचे, ते साक्रीचे, म्हणजे परमुलखात सख्खेच. एकदा मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. आग लागली, काही झालं, तर माणसं बाहेर काढायची जबाबदारी कुणीतरी घ्यायची होती. "कौन लेगा?" साहेबांनी विचारलं आणि आम्ही सगळे एकदम टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला लागलो. नाना तेवढे चहात बिस्कीट बुडवत होते. ते तुटून कपात पडलं म्हणून "अरे!" म्हणाले, आणि साहेबांना वाटलं, हा माणूस तयार आहे. लाल टोपी, शिट्टी आणि एक वही त्यांच्या गळ्यात पडली. दुसरा कोणी असता तर वहीत दर तीन महिन्यांनी 'सराव झाला' लिहून सह्या घेऊन मोकळा झाला असता. मी तर त्यांना तोच सल्ला दिला होता. नानांनी टोपी घातली ती घातलीच.

पहिला सराव आठवला की अजून पोट धरून हसतो मी. भोंगा वाजला तर निम्मी माणसं कॅंटीनकडे गेली, त्यांना वाटलं चहा झाला. उरलेली दाराकडे धावली आणि दारातच अडकली. त्याचं असं की सुताला माती लागू नये म्हणून आमच्याकडे चपला बाहेर काढून आत जायचं. कंपनीनं आत घालायला कापडी बूट दिले होते, पण ते आम्ही गावाकडच्या लग्नासाठी नवेकोरे जपून ठेवलेले. चपला ठेवायचं मोठं फळ्यांचं मांडणं होतं बरोबर दाराबाहेर. आग लागलीये असं समजायचं होतं आणि ऐंशी-नव्वद माणसं तिथे ओणवी होऊन आपापला जोड शोधत होती! "माझी डावी कुठंय?" "अरे हमारा दूसरा किधर गया?" "ओ ताई, ती माझी आहे, काढा!" मागचे पुढच्यांना ढकलतायत, पुढचे उठायला तयार नाहीत. नाना शिट्टी फुंकून लाल झाले. त्यांनी सरळ दोन माणसांना दंड धरून ओढलं तर ते परत चपलेकडे! गरिबाला जीव आणि चपला दोन्ही एकदमच न्यायच्या असतात, त्याला काय करणार?

नानांनी आठ दिवस समजावून बघितलं. चपला सोडा, जीव वाचवा, फळ्यावर लिहिलं, चित्रं काढली. परत सराव, परत दारात तोच बाजार. मग एका रविवारी त्यांनी वेगळंच डोकं चालवलं. दोन माणसं घेतली आणि अख्खं मांडणंच उचलून समोरच्या सिमेंटच्या मैदानात नेलं, जिथे सगळ्यांनी जमायचं होतं तिथे. वर पत्रा टाकला. मैदानापासून दारापर्यंत यायला मशीनच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे अंथरले. सोमवारी आम्ही आलो आणि जी बोंबाबोंब केली म्हणता! रोज एवढं अनवाणी चालायचं? सगळ्यात मोठा आवाज माझा. "नाना, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?" ते म्हणाले, "माणूस आगीपासून पळत नाही रे भो, चपलेकडे पळतो. मग चपलाच लांब ठेवल्या." पुढच्या सरावाला भोंगा वाजला आणि सगळी माणसं दारातून अशी सटकली की मॅनेजरसाहेब भिंतीला चिकटून उभे राहिले.

आणि त्यातून हजेरीही सुटली. ओळीत उभं करून नावं पुकारायची तर अर्धे 'हजर' म्हणतात, अर्धे दुसऱ्याच्या नावाला म्हणतात. आता नावं पुकारायची गरजच नव्हती. ज्याची चप्पल मांडण्यावर उरली, तो आत राहिला. मोजायची सवय तर माणसाला अशी लागली की विचारू नका. दुधनीच्या तलावावर आम्ही सहकुटुंब होडीत बसलो तर हे काठावर उभे, "चढले सात," आणि परत आल्यावर "उतरले सात". मंगलच्या भावाच्या लग्नात हॉलवाल्याकडून मागच्या दाराची किल्ली मागून घेतली आणि जेवण होईपर्यंत खिशात ठेवली. हॉलवाल्याला वाटलं, नवरदेवाचा पळून जायचा विचार आहे.

आता मूळ गोष्ट सांगतो. मंगल सोडून ती मी कुणाला सांगितलेली नाही.

पॅकिंगच्या वर एक माळा होता, तिथे कागदी नळ्यांचे गठ्ठे असायचे. माळ्यावरून खाली उतरायला आतून एक जिना आणि मागच्या भिंतीला बाहेरून एक लोखंडी जिना. त्या आठवड्यात ट्रक येत नव्हते, माल साचला होता, जागा नव्हती. मी भरलेली खोकी बाहेरच्या लोखंडी जिन्यावर रचली. पायरीपायरीवर. नानांनी दोनदा सांगितलं, उचल. मी म्हटलं, ट्रक आला की उचलतो, तोवर आग काही लागत नाही. ते गावाकडच्या बोलीत म्हणाले, "आग काय तुना टारगेट दखस का?" म्हणजे आग तुझं टारगेट बघून थांबते का? तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्वतः खांद्यावरून सगळी खोकी खाली आणली आणि माझ्या टेबलाभोवती अशी रचली की मला खुर्चीतून उठता येईना. लोक फिदीफिदी हसायला लागले. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर नको नको ते बोललो. "टोपी घातली म्हणून साहेब झालात का? काम करणाऱ्याच्या पायात पाय घालायचा, दुसरं येतं काय तुम्हाला?" नाना घाम पुसत होते. म्हणाले, "बरं," आणि गेले.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. पहिल्या पाळीत, दुपारी, पॅकिंगच्या विजेच्या पेटीतून ठिणग्या उडाल्या आणि शेजारच्या खोक्यांनी पेट घेतला. भोंगा वाजला. मी मशीन बंद करून बाहेर आलो तोवर दारातून काळा धूर येत होता, पण माणसं भराभर मैदानात पोचली होती. चपला घातल्या, बाजूला झाले, घातल्या, झाले... आणि मांडण्यावर एक जोड उरला. तपकिरी, बायकी. उजव्या पट्ट्याला हिरव्या दोऱ्याची शिवण. ती शिवण मीच घालून आणली होती मोच्याकडून, तपकिरी दोरा नव्हता त्याच्याकडे.

मी धावत सुटलो दाराकडे. नानांनी मागून कॉलर धरली. "सोडा! मंगल आत आहे!" "आत गेला तर दोन जोड उरतीन!" असे ओरडले ते माझ्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. मग वळून पॅकिंगच्या बायकांना विचारलं, "शेवटी कुठं पाहिली तिला?" रांधा गावची लखी म्हणाली, "वर माळ्यावर गेलेली, नळ्या काढाया." माळ्यावरच्या पंख्याच्या घरघरीत भोंगा ऐकूच गेला नसणार. आतला जिना धुरानं भरलेला. नाना दोन फिटर घेऊन मागच्या बाजूला पळाले, लोखंडी जिना चढून दार उघडलं आणि दारातूनच शिट्टी फुंकत तिला हाका मारल्या. आवाजाच्या रोखानं ती खोकत खोकत बाहेर आली. तोंड काळं, डोळे लाल, आणि काखेत नळ्यांचा गठ्ठा! मी रडत रडत ओरडलो, "हे कशाला आणलंस?" म्हणाली, "स्टोअरची सही झाली होती ना!"

ज्या जिन्यानं माझी बायको जिवंत खाली आली, तो जिना मी अडवून ठेवला होता. नानांनी खोकी हलवली नसती तर... जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो, मंगलनं केलेली शेवभाजी घेऊन. अर्धा तास बसलो, क्रिकेटवर बोललो, पावसावर बोललो. माफीचं तेवढं राहून गेलं. नाना भाजीत भाकरी कुस्करत म्हणाले, "तिखट बेस झालं, तेल जरा जास्त." तेवढंच. नंतरही त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. आज बोलू, उद्या बोलू करत राहिलो आणि हा माणूस हळदीत नाचून निघून गेला.

ते गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. "महाजन, अब आप सँभालो." म्हणजे ज्यानं सगळ्यात जास्त शिव्या घातल्या, त्याच्याच डोक्यावर टोपी. मागच्या आठवड्यात माझा पहिला सराव झाला. भोंगा दाबायला गेलो तर एक तरणा ऑपरेटर आडवा आला, "साहब, अभी मत बजाओ, माल खराब होगा." मला इतकं हसू आलं! अगदी माझाच सूर. त्याला दंडाला धरूनच बाहेर काढला.

भर दुपार. सगळे मैदानात आले, चपला घालायला लागले. मीही सवयीनं माझ्या उचलल्या. मंगल जवळ आली, हळूच म्हणाली, "अहो, थांबा. तुम्ही शेवटी. नाना शेवटी घालायचे."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? त्या दिवशी मी खाली आले तर सगळ्यांच्या पायात चपला होत्या. नाना एकटे अनवाणी. त्यांचा जोड मांडण्यावरून काढून पत्र्याच्या खांबाशी टाकलेला होता. मी माझ्या घातल्या, मग त्यांनी घातल्या. नंतर दर सरावाला बघत आले मी."

मी चपला खाली ठेवल्या. सिमेंट तव्यासारखं तापलेलं. एक पाय उचलला, मग दुसरा, पोरं दात काढायला लागली. इतकी वर्षं याच जागी मी नानांसमोर उभा असायचो, चपला घालून, आणि वर त्यांनाच ओरडायचो, "आटपा की नाना, ऊन लागतंय!"

मांडण्यावरचा शेवटचा जोड उचलला गेला. "झाले सगळे," मंगल म्हणाली, "घाला आता." तरी मी आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. पाय चांगलेच भाजत होते.