काकाच्या खुंटाला बांधलेली होडी

वल्हं खांद्यावर बसलं तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला ओहोटीच्या खळखळाटातही ऐकू आला. मारणारा माझा सख्खा काका.

चूक माझीच. पेणजवळ, गडब गावाच्या पुढे आमच्या गावाचा मातीचा खारबांध आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती. दर मोठ्या उधाणाला खाडी बांध कुरतडते आणि घरटी एक माणूस खाडीच्या वळणावर दगड टाकतो. जागा काका दाखवतो. मी घराण्यातला पहिला बी.एस्सी., कामही खाडीचे प्रवाह मोजायचं. मला खात्री होती, दगड भलत्याच जागी पडतायत; तसं काकाला बोललोही होतो. ते दाखवायला साहेबांना विचारून पाण्याचा वेग मोजायचं यंत्र आणलं, ते होडीच्या कडेला बसवलं.

वळणावर मोजून उघाडीपाशी, पावसाचं पाणी सोडायच्या दारांशी आलो. तिथे नांगर चिखलात टिकेना, म्हणून होडी काकाच्या डोलीच्या खुंटाला बांधली. डोल म्हणजे खाडीत रोवलेल्या खुंटांना ताणून लावलेलं पिशवीसारखं जाळं. दुसऱ्याच्या खुंटाला विचारल्याशिवाय कोणी दोर लावत नाही, हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक. पण शिकलेल्या माणसाला कोण बोलतंय, असं वाटलं. खोटं कशाला सांगू.

दोन तास यंत्र चाललं. मग ओहोटीचा जोर वाढला, होडीच्या ओढीने खुंट उपटला आणि डोल फाटत भोवऱ्यात गेली. काका होडी घेऊन अंगावर आला.

"माझी डोल खाल्लीस, नि आता आमाला बांध शिकवतोस?"

एवढं बोलून त्याने वल्हं उचललं.

पेणच्या दवाखान्यातून हात गळ्यात बांधून आल्यावर आकडे पाहिले. वळणावर पाणी नुसतं पळत होतं. खरी मारामारी उघाडीपाशी होती. तिथे पाणी गरगरत बुडाशी घुसत होतं आणि पुढे उसळून वर येत होतं. बांधाचा पाया उपसला जात होता. गावकीत सांगितलं, तर हसले. आधी खुंट भरून दे, मग बांध भर, म्हणाले. दगड वळणावरच पडले.

पुढच्या अमावास्येला, भर दुपारी, बांध उघाडीपाशीच फुटला. खारं पाणी पोटरीतल्या, लोंब्या निघायच्या बेतातल्या भातावर धावून आलं. काकाची म्हैस पाण्याने दाव्यासकट ओढून नेली. माणसं एकमेकांना शिव्या घालत धावत होती. काका छातीभर पाण्यात, दगड उराशी धरून, माझ्याकडे वळला.

"कुठं टाकू, सांग."

उजवा हात वर होत नव्हता. डाव्याने दाखवलं.