जुन्या वाळूची पुरचुंडी

लोकांच्या घरी माशांच्या टाक्या लावून देणं हा वाळूमामांचा धंदा. गिऱ्हाईक वरच्या पाण्यात चमकणाऱ्या माशांवर भाळायचं, कुठला निळा, कुठला केशरी यावर घरात भांडणं व्हायची, आणि मामा मधेच विचारायचे, "ते सगळं ठीक. पण खाली कोण राहणार?"

खाली म्हणजे तळाशी राहणारे मिशीवाले मासे. दिवसभर वाळूत तोंड खुपसून आपलं पोटापाण्याचं बघणारी गरीब मंडळी. दुकानदार त्यांच्या अंगाखाली रंगीत, धारदार खडी पसरतात. दिसायला झकास, पण तिच्यावर घासून घासून बिचाऱ्यांच्या मिशा झिजतात. मग अन्न समोर असून सापडत नाही. "तुम्हाला कुणी काचांच्या ढिगातून घास शोधायला लावलं तर?" मामा विचारायचे. गिऱ्हाईक उगाचच आपल्या ओठांवरून हात फिरवायचं.

म्हणून मामा बारीक, गोल कणांची वाळू आणत. पाणी नितळ होईपर्यंत बादलीत धूत. आणि शेवटी तिच्यातली चिमूटभर स्वतःच्या गालावर चोळून बघत. टोचली की परत.

"तीस वर्षं झाली लग्नाला," मामी म्हणायच्या, "माझ्या गालाची एवढी चौकशी कधी केली नाहीत!"

"तुला मिशा कुठायत?" मामा म्हणत. पुढे दिवसभर मामी बोलत नसत, आणि मामा धुणं चालू ठेवत.

एकदा घड्याळकाकांची मुलगी मामांच्या दुकानात आली. घड्याळकाका म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे, मामांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दुपारी चारला हातातलं घड्याळ खाली ठेवायचे, टाकीच्या डाव्या कोपऱ्यात नखाने तीनदा टकटक करायचे. तळचे सगळे मासे तिथे गोळा. मग खाणं. वर्षानुवर्षं यात एका मिनिटाचाही फरक नाही. तीन महिन्यांपूर्वी ते गेले. मुलीने मासे एका दवाखान्याला दिले, टाकी मोडली, आणि आईला आपल्या घरी आणलं. तेव्हापासून आईने तोंडातून शब्द काढला नव्हता. भरवले तर दोन घास. वजन पाखरासारखं झालेलं.

"एक टाकी लावा, मामा. बाबांच्या माशांना आई सारखी नावं ठेवायची. निदान नावं ठेवायला तरी तोंड उघडेल. डॉक्टर म्हणतात, अशीच राहिली तर महिनाभरात..."

मामांनी जीव ओतून टाकी लावली. वाळू मागे चढती, पुढे उतरती. लपायला फुटक्या कुंडीचा तुकडा, कडा घासून गुळगुळीत केलेला. वाळू उधळू नये म्हणून बशी ठेवून तिच्यावर पाण्याची धार. आता नव्या टाकीला जुन्या टाकीतली थोडी वाळू द्यावी लागते, नाहीतर पाण्याला जीव येत नाही. मामांच्या दुकानातल्या टाकीत, जाळीच्या कापडात बांधलेली अशी एक पुरचुंडी पडून होती. घड्याळकाकांची टाकी मोडली तेव्हा ठेवून घेतलेली. मामांनी ती डाव्या कोपऱ्यात, कुंडीमागे दाबून बसवली. कुणाला सांगितलं नाही. विरजण कुठल्या घरचं, हे कोण सांगत बसतं?

तीन आठवड्यांनी मासे सोडले. वर छोटे चमकते, खाली मिशीवाले: कोरी जातीचे सहा आणि पट्टेरी लोच जातीचे चार. सगळे परगावचे, कोवळे. घड्याळकाकांचं तोंडही न पाहिलेले.

आठवड्याभराने फोन आला. "मामा, आई बोलली."

"अरे वा!"

"काय बोलली ते विचारा."

"काय?"

"चार वाजले, मासे डाव्या कोपऱ्यात रांगेने येऊन उभे राहिले. टकटकटक असा आवाज आला. आणि आई म्हणाली, 'आले.'"

मामा घसा खाकरून म्हणाले, "लोच करतात तसा आवाज. खाताना वगैरे."

"तीनदाच?"

"पुढे मोजता येत नसेल त्यांना."

"रोज चारलाच? मामा, ती अर्धा तास टाकीशी भांडते. चष्मा कुठे टाकलात, सदऱ्याचं बटण कुठंय... आणि मग ताटभर जेवते. मला त्या खोलीत पाऊल टाकवत नाही."

तेव्हा कुठे मामांनी पुरचुंडीचं सांगितलं. मुलीने पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग, "काढा ती. आजच्या आज."

साडेतीनला मामा पोचले. आई खुर्चीत डोळा लागून बसली होती. मामांनी बाही वर केली, कुंडी उचलली, पुरचुंडी काढून कोरड्या बादलीत टाकली आणि बादली दाराशी, चपलांजवळ ठेवली. कुंडी परत ठेवताच तळचे मासे तिच्याखाली पार दिसेनासे झाले.

चार वाजले. आईचे डोळे आपोआप उघडले. तिने डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. कुणी नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग दुकानाचं शटर खाली यावं तसा तिचा चेहरा बंद झाला.

"आई?" मुलगी गुडघ्यांवर बसली. "आई, बोल ना काहीतरी. नावं ठेव. मला ठेव!"

आईने डोळे मिटून घेतले.

आणि दाराकडून आवाज आला. टक. टक. टक.

बादलीत मासा नव्हता. वाटीभरसुद्धा पाणी नव्हतं.

"तिकडे काय करताय?" आई बादलीवर ओरडली. "चपलांत? ती काय बसायची जागा आहे?"

मुलगी उठली. पडद्याचं टोक मुठीत धरून ती आईच्या गालांकडे बघत राहिली. चार-पाच दिवसांच्या जेवणाने त्यांच्यावर जरासं मांस दिसायला लागलं होतं.

"परत ठेवा, मामा."

"नक्की?"

"त्या घरीही आम्ही तिघंच होतो," ती म्हणाली.

मामांनी पुरचुंडी उचलली आणि हाताच्या सवयीने गालाला लावली. गार फरशीवरच्या बादलीत अर्धा तास पडलेली वाळू, पण कुणाचा तरी तळवा नुकताच सुटावा तशी कोमट होती. त्यांनी घाईघाईने ती कोपऱ्यात दाबली. कुंडीखालून एक मिशी बाहेर आली, मग दुसरी.

"अहो मामा," आई मागून म्हणाली. जवळजवळ चार महिन्यांत माणसाशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. "येताना दाढी करून येत चला. टोचते त्यांना."

हल्ली मामा त्या घरी पाणी बदलायला जायच्या दिवशी दोनदा दाढी करतात. मामींनी त्यावरून बोलून घेतलंच, पण या वेळी मामा गालाला पुन्हा साबण लावत राहिले.