पाचव्या दिवसाची पट्टी

नाशिकला नदीच्या अलीकडे एका ट्रस्टचं चाळीस खाटांचं रुग्णालय होतं. गोटीराम सांगळे तिथला ड्रेसर. ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन मलमपट्टी करणारा माणूस. डॉक्टर कापून मोकळे होतात, पुढचे दीड-दोन महिने निस्तरायचं ते ड्रेसरनं. सिन्नरकडच्या खेड्यातून तो वॉर्डबॉय म्हणून आला. दोन वर्षं त्यानं वापरलेल्या पट्ट्या उकळल्या, वाळवल्या, गुंडाळल्या. मग एक दिवस हातात चिमटा आला, आणि १९७८ साली त्या चिमट्याला बावीस वर्षं झाली होती.

माणूस साधा, पण आपल्या हाताचा त्याला भारी गर्व. खोटं कशाला बोला, हात गर्व करावा असाच होता. जखमेला चिकटलेलं गॉज तो कधी ओढत नसे. कोमट सलाइन सोडत बसायचा, रोग्याला खिडकीकडे तोंड करायला लावायचा आणि गावाकडे कांद्याला काय भाव चाललाय ते विचारायचा. भाव सांगून होईपर्यंत गॉज ट्रेमध्ये पडलेलं असे. "गोटीभाऊ, कधी सोडलीत हो?" हे दिवसातून पाच-सहा वेळा ऐकल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. त्याची बायको रंगूबाई म्हणायची, "घरात कुणाचं बोट कापलं तरी तुम्ही आधी कौतुकाची वाट बघता."

अशा सुखात मालिनी दातार नावाची सिस्टर येऊन पडली. मुंबईला शिकलेली, चोवीस-पंचवीस वर्षांची, बोलायला मऊ. आल्या आल्या तिनं एक पत्र्याचा डबा मागवला, त्यात गॉजचे चौकोनी तुकडे रचले, मध्ये मध्ये व्हॅसलीन घातलं आणि डबा ऑटोक्लेव्हच्या कडक वाफेतून काढला. ती तुपकट जाळी जखमेवर ठेवली की वरचा कापूस चिकटतच नाही. भिजवायला नको, खिडकीकडे बघायला नको, कांद्याचा भावही नको. वर ती म्हणे, रोज उघडूच नका. जखमेला जरा स्वस्थ पडू द्या.

गोटीरामच्या पोटात दुखायला लागलं ते त्या डब्यापासून. तिच्या जखमा खरंच लवकर भरतात हे त्याला दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच तो जास्त जळत होता. ड्रेसिंगच्या खोलीच्या दाराशी येऊन एखादा म्हातारा विचारी, "आज सिस्टर नाहीत का?" आणि गोटीरामला कुणी तोंडात मारल्यासारखं होई. तो हसून म्हणे, "आहेत की, बसा." मग दिवसभर ते वाक्य चघळत राही.

तरी एक रोगी त्याचाच होता. निफाडकडची धोंडाबाई. गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस तिच्या डाव्या हातावर सांडला होता, कोपरापासून मनगटापर्यंत. सहा आठवडे गोटीरामनं तो हात रोज धुतला, रोज बांधला. ती त्याला भाऊ म्हणायची. जखम लालबुंद, स्वच्छ झाली तेव्हा डॉक्टर परचुऱ्यांनी मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे ड्रेसिंग सिस्टर मालिनी बघतील. पाचव्या दिवशी मी स्वतः उघडणार. तोवर कुणी हात लावायचा नाही."

जमीन मी नांगरली आणि पीक हिच्या नावावर, असं गोटीरामच्या मनात आलं. हात भरला तर सगळे म्हणणार, सिस्टरनं भरला. सहा आठवडे कोण लक्षात ठेवणार?

तिसरा दिवस रविवार होता. सिस्टरची सुट्टी. धोंडाबाई म्हणाली, "भाऊ, आत लय खाजतंय. वासबी येतोय थोडा." खाजणारच. वास तर कुठल्याही बंद पट्टीला येतो, हे गोटीरामला तिच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण त्याच्या मनानं तो शब्द झेलला. आत पू झाला असेल. व्हॅसलीनखाली कुजलं असेल. असलंच पाहिजे. तो तिला ड्रेसिंगच्या खोलीत घेऊन गेला, दार लोटलं आणि म्हणाला, "खिडकीकडे बघा."

त्यानं पट्टी सोडली, कापूस उचलला, जाळीचा एक कोपरा वर केला. खाली कातडी गुलाबी. धरलेली. सुरेख.

इथे देवाचं नाव घेऊन परत बांधायला हवं होतं. पण गोटीरामला आनंद नाही झाला, त्याची निराशा झाली. मनगटाकडे तरी असेल, म्हणून त्यानं जाळी आणखी उचलली, घाईत, सलाइन न सोडता. बावीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. मनगटावरची कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ कातडी जाळीबरोबर सरकत वर आली आणि खाली रक्त टपटपलं. धोंडाबाईला कळलंसुद्धा नाही, ती खिडकीकडे बघत होती.

त्यानं कातडी बोटानं दाबून बसवली, भराभर बांधलं. कपाळाला घाम फुटला होता, तरी डोकं मात्र चालत होतं. म्हणाला, "वरची पट्टी सैल होती, तेवढी घट्ट केली. डॉक्टरांना बोलू नका बरं का. उगाच सिस्टरला बोलणी बसतील."

"नाय बोलत," धोंडाबाई म्हणाली. "पोर चांगली हाय ती."

पाचव्या दिवशी डॉक्टर आले. सिस्टर मालिनी पट्टी सोडायला वाकली आणि थांबली. प्रत्येकाच्या पट्टीची वळणं निराळी असतात, अक्षरासारखी. तिनं पट्टी पाहिली, मग ट्रे धरून उभ्या असलेल्या गोटीरामकडे पाहिलं.

"सर, ही मी बांधलेली नाही."

"मग कुणी बांधली?" डॉक्टर म्हणाले.

धोंडाबाईनं मान खाली घातली. दिलेला शब्द पाळणारी बाई ती. गोटीरामनं ट्रेमधली कात्री उगाच सरळ केली. डॉक्टरांनी स्वतः पट्टी उघडली. सगळा हात धरला होता, फक्त मनगटावर कातडी काळी पडून सुटली होती आणि खाली पू. डॉक्टर सिस्टरवर जे तापले ते सगळ्या वॉर्डानं ऐकलं. घट्ट बांधायचं कळत नाही, वर पट्टी माझी नाही म्हणून हात झटकता! उद्यापासून लहान मुलांच्या वॉर्डात जा. हे ड्रेसिंग गोटीराम करेल.

हेच तर हवं होतं त्याला. दुपारी गॉज कापताना सिस्टर त्याच्यापाशी आली. "गोटीराम, पट्टी तुमची होती."

"मला काय माहीत, सिस्टर," तो म्हणाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून क्षणभर त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली ती रात्री जेवताना.

मनगट भरायला आणखी सात आठवडे लागले. गोटीरामनं जीव ओतला. आत मात्र सिस्टरसारखीच व्हॅसलीनची जाळी घातली, चोरून. जखम भरली, पण व्रण आखडला आणि मनगट पुरतं वळेना. भाकरी परतताना हात अडायचा तो जन्मभर अडणार होता.

घरी जायच्या दिवशी धोंडाबाईचा नवरा गुळाची ढेप घेऊन आला. तिनं ती सगळ्या वॉर्डासमोर गोटीरामच्या हातात दिली. "भाऊ, तुमच्यामुळं हात वाचला. मनगटाचं काय, ते त्या सिस्टरनं बिघडवलं. तिला काय बोलायचं आता, जाऊ द्या."

ढेप जड होती. तेवढ्यात सिस्टर मालिनी दारात आली होती, गॉजचा डबा न्यायला. गोटीरामनं तिला पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "धोंडाबाई, सिस्टरनं नाही. मनगट मी बिघडवलं. रविवारी मी उघडलं होतं."

 मग धोंडाबाई हसली. "बघा बघा! तवाबी म्हणाले, सिस्टरला बोलणी बसतील, सांगू नका. आन् आज सगळं सोताच्या अंगावर घेत्यात. कसा माणूस हाय!" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हात जोडून म्हणाला, "देवमाणूस."

"अहो, खरं सांगतोय मी," गोटीराम म्हणाला. तर ते आणखीच हसले.

सिस्टर मालिनी पुढे आली. हळूच म्हणाली, "हे डॉक्टरांना सांगा. ते ऐकतील." डबा घेऊन निघून गेली.

डॉक्टरांची खोली तिथून वीस पावलांवर होती. गोटीराम दोनदा दारापर्यंत गेला. पहिल्यांदा आत रोगी होता. दुसऱ्यांदा डॉक्टर एकटेच होते, तरी तो तसाच परतला. वर्षभरानं सिस्टरनं नोकरी सोडली आणि ती दुसऱ्या गावी गेली.

१९८६ साली गोटीराम निवृत्त झाला. रुग्णालयाच्या अंगणात खुर्च्या मांडल्या, शाल-श्रीफळ झालं, रंगूबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. डॉक्टर परचुरे भाषणाला उभे राहिले. म्हणाले, या माणसाचा हात सगळ्यांना माहीत आहे, मी त्याच्या मनाची गोष्ट सांगतो. आणि त्यांनी तीच गोष्ट सांगितली. एका नवशिक्या सिस्टरची चूक गोटीरामनं कशी पोटात घातली, आणि भर वॉर्डात स्वतःच्या माथी कशी घेतली. टाळ्या थांबेनात. रंगूबाईनं पदर डोळ्यांना लावला.

गळ्यात हार घालून बसलेल्या गोटीरामला त्या क्षणी मालिनी दातारचा हेवा वाटला, पूर्वी कधी वाटला नव्हता इतका. ती जिथे कुठे असेल तिथे तिला सुखानं जेवण जात असेल.

"दोन शब्द बोला, गोटीराम," डॉक्टर म्हणाले.

तो उठला. लोक वाट बघत होते. त्यानं सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसला.