पाच पाटांचं गणित

चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं हे लिहिणं. अक्षर किरटं, ऱ्हस्वदीर्घ आजही जमत नाही, तेवढं पोटात घालावं. अक्का गेल्याचं कार्ड हुबळीहून धारवाडला मला तिसऱ्या दिवशी मिळालं. त्याला दीड महिना झाला. कुणापाशी बोलवत नाही, म्हणून लिहिते.

अक्का माझी सख्खी थोरली बहीण. बाराव्या वर्षी विधवा होऊन ती कमरीपेठेतल्या आमच्या घरी आली, ती कायमचीच. शाळा तिनं पाहिली नाही. आमचा भाऊ अण्णा मोठ्यानं गणितं वाचायचा, ती चुलीपाशी ऐकायची. एकदा त्याला गणित आलं, पाच माणसं पाच पाटांवर किती तऱ्हांनी बसतील? तो बोटं मोजत राहिला. अक्का भात ढवळत म्हणाली, "पहिल्या पाटावर पाचांतलं कुणीही. दुसऱ्यावर उरलेल्या चारांतलं. मग तीन, दोन, एक. गुणून बघ, एकशेवीस." अण्णा चिडला. "हे पाच कोण गं?" "अप्पा, आई, तू, तंगी, मी." तंगी म्हणजे मी, धाकटी. "तू कधी बसतेस पंगतीत? तुला नि तुझा पाट वगळून मोज." "मग चोवीस," अक्का म्हणाली, "एक मी नसले तर शहाण्णव बुडतात बघ."

आमच्याकडं खरी तऱ्हा एकच. आधी अप्पा नि अण्णा, मग आई नि मी, आणि सगळं आवरल्यावर चुलीपाशी अक्का एकटी, गार भात घेऊन. मला तिनं हळूच सांगितलं होतं, "तंगी, एकदा तरी पहिल्या पाटावर बसून गरम भात खायचाय गं."

अप्पा नि अण्णा बेळगावला लग्नाला गेले, त्या दुपारी तिनं पाट मांडला, पान वाढून घेतलं, वर तूप. बसणार तोच पूजा आटपून आई आली. "हा पाट कुणाचा?" अक्कानं माझ्याकडं पाहिलं... "माझा," मी म्हटलं आणि बसले. भीतीनं दुसरं सुचलंच नाही. "सावकाश जेव," अक्का म्हणाली, आणि मला वाढत राहिली.

त्यावर ती कधी बोलली नाही. मीही नाही. अप्पा गेले, आई गेली, घर अण्णाचं झालं. अक्का अंथरुणाला खिळल्यावर मी धारवाडहून तिच्यापाशी गेले. अण्णा दुकानातून जेवायला यायच्या आत मी पाट मांडला, गरम भात वाढला, पाठीला आधार देऊन तिला बसवलं. "अण्णाच्या आधी?" तिनं विचारलं. "आधी." ती थोडं हसली. मी घास ओठांशी नेला. तो आत जाईना. "साकु गं तंगी, पुरे. आता भूकच लागत नाही..." भात निवेपर्यंत मी तिला तशीच धरून बसले. मग तिला निजवलं. अण्णा आला, आणि त्याचं पान वाढायला मी उठले.